बुद्धि जन्माची कीं शाळेची?

खेड्यांतील कोणत्याही ओट्यावर घटकाभर बसलें असतां हें बोलणें कानीं पडतें. एखादें मूल दुसऱ्या इयत्तेंतून तिसरींत जातें, तरी त्यास जोडाक्षर वाचतां येत नाहीं, तेव्हां कोणी वडील माणूस म्हणतो, "त्याचा बाप तरी कोठें शिकला? खाण तशी माती." शेजारच्या घरचें मूल भराभर वाचूं लागतें, तेव्हां तोच माणूस म्हणतो, "मुलाचे पाय पाळण्यांत दिसतात." म्हणी दोन, पण अर्थ एकच; तो हा कीं, जें व्हावयाचें तें जन्माबरोबरच ठरून गेलें. याच्या उलट दुसरा एक पक्ष आहे. तो म्हणतो, मूल म्हणजे कोरी पाटी; तिच्यावर कांहीं उमटलें नाहीं तर दोष सर्वस्वीं शिक्षकाचा.

वाचकहो, हा वाद केवळ ओट्यावरचा नाहीं. त्याच्या उत्तरावर पुष्कळ मुलांचें आयुष्य अवलंबून असतें. पहिलें मत खरें धरलें तर मंद मुलासाठीं श्रम करणें व्यर्थ ठरतें. दुसरें खरें धरलें तर ज्या शिक्षकानें प्रामाणिकपणें श्रम केले त्याच्या माथीं, किंवा ज्या मुलानें रात्र रात्र जागून अभ्यास केला त्याच्या माथीं, नसता दोष येतो. म्हणून विद्वानांनीं या प्रश्नाविषयीं काय शोधून काढिलें आहे, आणि त्यापासून आपण कोणता बोध घ्यावा, याचा शांतपणें विचार करूं.

प्रथम अनुवंशाची बाजू पाहूं. ब्र्नो शहरच्या मठांत राहणाऱ्या ग्रेगोर मेंडेल या मठवासी साधूनें वाटाण्याचीं झाडें अनेक वर्षें लावून जे नियम शोधिले, ते १८६६ सालीं प्रसिद्ध झाले. परंतु १९०० सालापर्यंत त्यांकडे कोणी फारसें लक्ष दिलें नाहीं. मेंडेलनें ज्या घटकांचा माग काढिला त्यांस आज आपण जनुकें म्हणतों. प्रत्येक मुलास अर्धा अनुवंश आईकडून व अर्धा बापाकडून मिळतो. पण त्या दोघांजवळील कोणता अर्धा भाग त्याच्या वांट्यास येईल, हें केवळ योगायोगानें ठरतें. एकाच घरांतील, एकाच ताटांत जेवणारे दोघे भाऊ स्वभावानें व बुद्धीनें भिन्न कां निघतात, याचें एक मोठें कारण हेंच होय.

पुढें जुळ्या भावंडांवरून शोध सुरू झाला. फ्रान्सिस गॉल्टन यानें १८७५ सालीं तिकडे प्रथम लक्ष वेधिलें. एकबीज जुळ्यांचा अनुवंश जवळजवळ एकच असतो. द्विबीज जुळ्यांचा, इतर भावंडांप्रमाणेंच, सरासरीनें निम्मा सारखा असतो. दोन्ही प्रकारचीं जुळीं एकाच घरांत वाढतात. असें असतां एकबीज जुळीं अभ्यासांत एकमेकांशीं अधिक मिळतीं निघालीं, तर त्यांत अनुवंशाचा कांहीं वांटा आहे असें समजावें. अनेक देशांत हा शोध केला गेला, आणि तो वांटा आहे असेंच दिसून आलें. हें सत्य कोणास आवडो वा न आवडो, तें नाकारून मुलांचें हित होणार नाहीं.

तथापि त्या सत्याचें खरें स्वरूप काय, हेंही समजून घेतलें पाहिजे. २०१३ सालीं एक लक्षाहून अधिक लोकांचीं जनुकें तपासून, कोण किती वर्षें शिकला याच्याशीं तीं ताडून पाहिलीं. त्या वेळीं निश्चित अशीं तीनच ठिकाणें सांपडलीं. आणि एकेका ठिकाणाचा परिणाम म्हणाल तर सुमारें एक महिन्याच्या शाळेइतका! २०१८ सालीं अकरा लक्ष लोक तपासले, तेव्हां ठिकाणें १२७१ झालीं. २०२२ सालीं तीस लक्ष तपासले, तेव्हां तीं ३९०० च्या वर गेलीं. या सर्वांची बेरीज करून जो गुणांक काढितात, त्यानें माणसामाणसांच्या शिक्षणांतील फरकापैकीं शंभरांत १२ ते १६ भागांचाच उलगडा होतो. तेव्हां 'विद्येचें जनुक' म्हणून कोणतीही एक वस्तु नाहीं. शिवाय हे शोध मुख्यतः युरोपी वंशाच्या लोकांवर झालेले आहेत, आणि इतर वंशांच्या लोकांस तोच गुणांक लावला असतां त्याचा उपयोग फारच घटतो. म्हणून आपल्या इकडील एखाद्या मुलाचें भवितव्य त्यावरून सांगूं पाहणें म्हणजे दुसऱ्याच्या पायाच्या मापानें आपल्या मुलासाठीं वहाणा शिवणें होय.

आणखी एक चमत्कारिक गोष्ट आइसलंड बेटांतील शोधांत २०१८ सालीं आढळली. आईबापांचीं जीं जनुकें मुलास मिळालींच नाहींत, त्यांचाही मुलाच्या शिक्षणाशीं संबंध दिसला. आणि तो मिळालेल्या जनुकांच्या संबंधाच्या सुमारें ३० टक्के भरला. जें मिळालेंच नाहीं त्याचा परिणाम कसा व्हावा? उत्तर सोपें आहे. आईबापांच्या ठायीं जे गुण असतात ते घराच्या वळणांत उतरतात. घरांत पुस्तक असणें, गोष्ट सांगितली जाणें, अभ्यासाची वेळ पाळली जाणें, यांत ते दिसतात. म्हणजे आपण ज्यास 'रक्त' म्हणतों त्यांतला बराच भाग वस्तुतः 'घर' असतो.

ही सावधगिरी न पाळल्यानें केवढा अनर्थ होतो, याचें एक उदाहरण अमेरिकेंत घडलें. व्हर्जिनिया राज्यांत १९२४ सालीं असा कायदा झाला कीं, ज्यांची मंदबुद्धि आनुवंशिक आहे असें ठरेल, त्यांस शस्त्रक्रियेनें वंध्य करावें. कॅरी बक नांवाच्या एका गरीब तरुण मुलीवर तो प्रथम लावण्यांत आला. तिची आई मंदबुद्धि ठरविली गेली होती, ती स्वतः तशीच ठरविली गेली, आणि तिची तान्ही मुलगी सात महिन्यांची असतां, ती साधारण मुलांसारखी दिसत नाहीं, अशी साक्ष कोर्टापुढें झाली. १९२७ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें तो कायदा मान्य केला, आणि कॅरीवर शस्त्रक्रिया झाली. पुढें अमेरिकेच्या निरनिराळ्या राज्यांत अशा कायद्यांखालीं साठ हजारांहून अधिक लोक वंध्य करण्यांत आले.

परंतु त्या तान्ह्या मुलीचें पुढें काय झालें? व्हिव्हियन तिचें नांव. ती शाळेंत गेली. तिचा अभ्यास साधारण मुलांसारखाच होता. इतकेंच नव्हे, तर १९३१ सालीं एकदां तिचें नांव शाळेच्या सन्मानपटावर लागलें. १९३२ सालीं, आठ वर्षांची असतां, ती आजारानें वारली. ज्या मुलीस विद्वान न्यायाधीशांनीं पाळण्यांतच नापास केलें होतें, तिला शाळेनें पास केलें. कॅरी स्वतःही शाळेंत असतां वर्गावर्गांतून नीट पास होत गेली होती. २००२ सालीं व्हर्जिनियाच्या राज्यपालानें या कृत्याबद्दल जाहीर क्षमा मागितली. 'मुलाचे पाय पाळण्यांत दिसतात' ही म्हण किती जपून वापरावी, हें यावरून कळतें.

आतां दुसरा भ्रम पाहूं. पुष्कळ लोक समजतात कीं, जें अनुवंशानें आलें तें बदलत नाहीं. हें चूक आहे. १९३४ सालीं आस्ब्यॉर्न फॉलिंग या नॉर्वेच्या डॉक्टरानें एक रोग शोधून काढिला. त्याचें बीज आई व बाप या दोघांकडूनही आलें तरच तो मुलास होतो. त्यांत दूध, डाळ, मांस इत्यादि अन्नांतील एक घटक शरीरास पचत नाहीं. तो सांठून मेंदूची हानि करितो, आणि मूल कायमचें मंदबुद्धि होतें. हा रोग सर्वस्वीं अनुवंशाचा होय. तरी १९५० नंतरच्या दशकांत असें दिसून आलें कीं, तो घटक कमी असलेला आहार मुलास जन्मल्यापासून दिला तर त्याची बुद्धि इतर मुलांसारखीच वाढते. पुढें रॉबर्ट गथ्री यानें बाळाच्या टांचेच्या रक्ताच्या थेंबावरून रोग ओळखण्याची युक्ति काढिली. बीज तेंच राहिलें. ताट बदललें, आणि आयुष्य बदललें. अनुवंश हें कारण असूं शकतें. तो निकाल नव्हे.

आतां शाळेची बाजू. १९६६ सालीं अमेरिकेंत जेम्स कोलमन व त्याचे सहकारी यांनीं सुमारें सहा लक्ष विद्यार्थ्यांची पाहणी करून असें दाखविलें कीं, मुलांच्या प्रगतींतील फरक शाळेच्या इमारती व खर्च यांपेक्षां घरच्या परिस्थितीशीं अधिक जुळतो. त्यावरून 'शाळेनें कांहीं होत नाहीं' असें अनुमान अनेकांनीं काढिलें. पण तें उतावळेपणाचें होतें. १९८५ पासून चार वर्षें टेनेसी राज्यांत एक मोठा प्रयोग झाला. मुलांस चिठ्ठ्या टाकाव्या त्याप्रमाणें लहान व मोठ्या वर्गांत वांटून दिलें. लहान वर्गांत १३ ते १७ मुलें, मोठ्यांत २२ ते २५. लहान वर्गांतील मुलें वाचनांत व गणितांत पुढें गेलीं, आणि कृष्णवर्णी मुलांस त्याचा लाभ अधिक झाला. वांटणी चिठ्ठीनें झालेली, म्हणून हा फरक रक्ताचा आहे असें कोणास म्हणतां येईना.

याहून मोठा पुरावा आपल्याच देशांत आहे. १९०१ सालच्या खानेसुमारींत हिंदुस्थानांत साक्षर माणसें शंभरांत सुमारें पांच होतीं, आणि स्त्रियांत तर शंभरांत एकही भरत नव्हती. २०११ सालीं सात वर्षांवरील लोकांत साक्षर शंभरांत सुमारें ७३, आणि स्त्रियांत सुमारें ६५ झालीं. मोजण्याची रीत थोडी बदलली हें खरें. तरी एवढें अंतर रीतीनें पडत नाहीं. एकशें दहा वर्षें म्हणजे चार-पांच पिढ्या. तेवढ्यांत एखाद्या राष्ट्राचा अनुवंश बदलत नाहीं. बदलली ती शाळा. आमच्या पणज्यांस वाचतां येत नव्हतें, तें त्यांच्या बुद्धींत उणें होतें म्हणून नव्हे, तर त्यांच्यासाठीं दार उघडें नव्हतें म्हणून. आणि दार उघडल्यावर काय होतें हें या महाराष्ट्रानें फार पूर्वीं पाहिलें आहे. मांग जातींतील मुक्ता साळवे ही जोतीराव फुले यांच्या शाळेंतील मुलगी. तिनें लिहिलेला निबंध १८५५ सालीं 'ज्ञानोदय' पत्रांत छापला गेला. ज्यांच्या कुळांत पिढ्यानपिढ्या अक्षर शिरूं दिलें नव्हतें, त्यांच्या मुलीस लेखणी धरावयास थोड्या वर्षांची शाळा पुरली.

तर मग बीज खरें कीं जमीन खरी? प्रश्नच चुकीचा आहे, हें शेतकऱ्यास सांगावयास नको. रिचर्ड लेवॉन्टिन या शास्त्रज्ञानें १९७० सालीं बियांचाच दृष्टांत घेऊन ही गोष्ट समजाविली. समजा, ज्वारीच्या एकाच पोत्यांतून दोन मुठी बीं घेतलें. एक मूठ खत घातलेल्या काळ्या जमिनींत पेरली, दुसरी खडकाळ माळावर. काळ्या जमिनींत सर्व रोपांस पाणी व खत सारखेंच. म्हणून तेथें एक रोप उंच व एक ठेंगणें, हा फरक बियाण्याचा. माळावरही रोपारोपांतला फरक बियाण्याचाच. परंतु काळ्या जमिनीचें पीक छातीइतकें आणि माळावरचें गुडघ्याइतकें, हा फरक मात्र जमिनीचा! एका शेतांतील फरक बियाण्याचा आहे म्हणून दोन शेतांतील फरकही बियाण्याचाच असला पाहिजे, असें म्हणणारा मनुष्य शेतीही जाणत नाहीं आणि तर्कही जाणत नाहीं. तरी दोन जातींविषयीं, दोन देशांविषयीं, गरीब व श्रीमंत यांविषयीं नेमकें हेंच बोललें जातें.

मुलांच्या बाबतींतही हेंच आढळतें. २००३ सालीं एरिक टर्कहायमर व त्याचे सहकारी यांनीं अमेरिकेंतील सात वर्षांच्या जुळ्यांविषयीं असें प्रसिद्ध केलें कीं, सुखवस्तु घरांत बुद्धिमापनांतील फरक बहुतांशीं अनुवंशाचा. पण अत्यंत गरीब घरांत अनुवंशाचा वांटा जवळजवळ शून्य, आणि घरच्या परिस्थितीचा शंभरांत सुमारें साठ. पुढें २०१६ सालीं अनेक देशांतील असे शोध एकत्र केले, तेव्हां गरिबीनें असा फरक पडतो हें अमेरिकेंत दिसलें, पश्चिम युरोपांत व ऑस्ट्रेलियांत दिसलें नाहीं. म्हणजे अनुवंशाचा वांटा हा कांहीं कोठेंही एकच भरणारा आंकडा नाहीं; तो समाजाच्या वागणुकीप्रमाणें कमीअधिक होतो. नॉर्वेंतील जुळ्यांविषयींचा १९८५ सालचा शोधही तसाच आहे. तेथें महायुद्धानंतर शिक्षणाचीं दारें उघडलीं. तेव्हां १९४० नंतर जन्मलेल्या पुरुषांत घराण्याचा वांटा घटला आणि अनुवंशाचा वाढला. फ्लॉरिडा राज्यांतील २०१० सालच्या शोधांत शिक्षक चांगला असतां लहान मुलांच्या वाचनांत अनुवंशाचा फरक अधिक उमटला, आणि शिक्षक कच्चा असतां तो दबून गेला. माळावर चांगलें बीं कोणतें आणि हलकें कोणतें, हें कळणार तरी कसें?

यांतून एक विचार निघतो, तो थोडा अवघड आहे. म्हणून वाचकांनीं धीरानें ऐकावा. जेथें अनुवंशाचा वांटा मोठा दिसतो, तेथें तें पुष्कळदां न्यायाचें लक्षण असतें. कारण घर, पैसा व शाळा यांमुळें पडणारें अंतर तेथें घटलेलें असतें. परंतु तेवढ्यानें न्याय पुरा झाला काय? समजा, उद्यां सर्व शाळा सारख्याच उत्तम झाल्या, आणि मुलामुलांत केवळ बियाण्याचा फरक उरला. मग जें मूल तरीही मागें राहील, त्यास 'तुला संधि दिली होती, आतां दोष तुझा' असें आपण म्हणावें काय? तें बीज त्यानें निवडिलें होतें काय? जॉन रॉल्स या तत्त्वज्ञानें १९७१ सालच्या आपल्या न्यायविषयक ग्रंथांत हेंच विचारिलें आहे. कोणीही आपलें घराणें मिळविलेलें नसतें, तशीच कोणीही आपली जन्मजात बुद्धि मिळविलेली नसते. ज्यास अधिक मिळालें त्यास गर्वास जागा नाहीं, आणि ज्यास उणें मिळालें त्यास हिणविण्याचा कोणास अधिकार नाहीं. उलट, ज्यास अधिक मिळालें त्याजवळ ती एक ठेव आहे, आणि ठेवीचा हिशेब द्यावा लागतो.

येथें कोणी शंका घेईल कीं, मंद मुलांकडे अधिक लक्ष दिलें तर हुशार मुलांचें नुकसान होणार नाहीं काय? या शंकेस २०२२ सालच्या नॉर्वेंतील एका शोधानें चांगलें उत्तर मिळतें. तेथें तेवीस हजारांहून अधिक मुलें, त्यांचे आईबाप व त्यांच्या शाळा यांची एकत्र तपासणी झाली. चांगल्या शाळांनीं सर्वांचीच प्रगति वाढविली, आणि ज्यांचा जनुकांचा गुणांक कमी होता त्यांस मागें टाकिलें नाहीं. शाळा कोणती मिळाली याचा फरक अशा मुलांस अधिक जाणवला. गुणांक फार कमी असलेल्यांच्या प्रगतींतील फरकापैकीं शंभरांत चार भाग शाळेचे, तर फार अधिक असलेल्यांत दोनच. चार भाग म्हणजे थोडे, असें कोणी म्हणेल. खरें आहे, परंतु नॉर्वेंत शाळाशाळांत अंतर मुळांतच फार नाहीं. जेथें एका शाळेंत वर्गावर्गाला शिक्षक आहे आणि दुसरींत चार इयत्तांना मिळून एकच, तेथें तें अंतर किती मोठें होत असेल, याचा विचार ज्यानें त्यानें करावा. शिवाय मुलाचीं जनुकें आपल्या हातीं नाहींत, शाळा आहे. जें हातीं आहे त्याविषयींच माणसास जाब विचारला जातो.

तर मग आपलें कर्तव्य काय? आईबापांनीं दोन भावंडांची तुलना मुलांच्या देखत करूं नये. निसर्गानें त्यांस वेगळें दिलें आहे. एकाचा गज दुसऱ्यास लावणें अन्याय आहे. आपण शिकलों नाहीं म्हणून आपलें मूल शिकणार नाहीं, असें तर कधींच बोलूं नये. मूल तें ऐकतें, आणि ऐकलेलें खरें करून दाखवितें. निरक्षर आईसही मुलाजवळ बसून 'आज काय शिकलास?' म्हणून विचारतां येतें. शिक्षकांनीं मागच्या बाकावरील मुलास प्रथम हाक मारावी; पुढच्या बाकावरील मूल थोडा वेळ आपल्या बळावर चालेल. आणि गांवच्या पुढाऱ्यांनीं शाळेच्या छपराइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, काळजी शिक्षकाची करावी. कारण पिकाची पारख बियाण्यावरून करणारे पुष्कळ, पण बांधावर उभा राहून पाणी वळविणारा एखादाच.

'खाण तशी माती' ही म्हण आम्ही खोटी म्हणत नाहीं. एका खाणीची माती चिकण, एकीची भुसभुशीत. परंतु कोणत्याही खाणीची माती आपण होऊन घागर झालेली कोणीं पाहिली आहे काय? तिला भिजवावी लागते, तुडवावी लागते, चाकावर चढवावी लागते, भट्टींत भाजावी लागते. घागर होण्यासारखी नसेल तिची वीट होते, कौल होतें. आणि विटांवांचून घर उभें राहत नाहीं. ओट्यावर बसून मातीस नांवें ठेवणारानें एकदां तरी उठून कुंभाराच्या चाकास हात लावावा. मग त्या तिसऱ्या इयत्तेंतील मुलास जोडाक्षर येतें कीं नाहीं, हें आपण पाहूं.